सिग्नलला दाद द्यायची की नाही? ड्रायव्हरमधल्या वाट पाहण्याच्या दोन पद्धती

समजा, बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात लिनक्स कंट्रोलर आय-टू-सी (दोन तारांची बस) सेन्सर वाचतोय आणि डेटा डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत, येतो. ड्रायव्हरने, म्हणजे हार्डवेअर हाताळणाऱ्या कर्नलमधल्या कोडने, ट्रान्सफर पूर्ण होण्याची वाट कशी पाहायची?

वेट_फॉर_कम्प्लीशन_टाइमआउट हे कर्नलचं फंक्शन सिग्नलकडे (प्रोसेसला बाहेरून पाठवलेल्या थांबण्यासारख्या सूचनांकडे) लक्षच देत नाही. शून्य परत आलं तर मुदत संपली, त्याहून जास्त आलं तर काम झालं. तोवर प्रोसेस डी अवस्थेत (सिग्नलने न मोडणाऱ्या झोपेत) असते, सक्तीने बंद करणारं किल -9 सुद्धा लागू पडत नाही. म्हणून मुदत आखूड ठेवा आणि एमसेक्स_टू_जिफीजमधून काढा. मुदत जिफीजमध्ये, म्हणजे कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यांत द्यावी लागते, आणि सेकंदाला किती ठोके हे सांगणारं एचझेड कुठे 100 असतं, कुठे 1000.

दुसऱ्या, म्हणजे सिग्नलने मोडणाऱ्या इंटरप्टिबल प्रकारात कंट्रोल-सी लगेच चालतं, पण खरी गुंतागुंत इथेच आहे. सिग्नलमुळे वाट पाहणं मध्येच मोडलं असं सांगणारा उणे ईरीस्टार्टसिस, म्हणजे -512, ही परत येणाऱ्या उत्तराची तिसरी शक्यता येते. ते अनसाइन्ड लाँगमध्ये (उणे संख्या न मावणाऱ्या प्रकारात) घेतलं की प्रचंड धन संख्या होते आणि अर्धवट ट्रान्सफर यशस्वी ठरतो. व्हेरिएबल साधं लाँगच हवं. शिवाय प्रोग्रामने सिग्नल हाताळताना एसए_रीस्टार्ट हा पर्याय लावलेला असेल तर सिस्टिम कॉल पुन्हा सुरू होतो आणि डिव्हाइसला तीच आज्ञा दोनदा जाऊ शकते.

फंक्शन परतलं म्हणून हार्डवेअर थांबत नाही, हे दोन्हीकडे लक्षात ठेवा. वाट पाहणं अर्धवट सुटलं तर आधी डीएमएइंजिन_टर्मिनेट_सिंकने डीएमए थांबवा, मगच बफर सोडा. नाहीतर डीएमए दुसऱ्याच्याच मेमरीत लिहील. पुढचा ट्रान्सफर सुरू करण्याआधी ‘काम झालं’ ही जुनी खूण पुसणारं रीइनिट_कम्प्लीशन हवंच.

काही मिलिसेकंदांच्या बस ट्रान्सफरसाठी आम्ही पहिलाच प्रकार निवडू. बटण दाबलं जाण्याची वाट पाहणाऱ्या रीडला मात्र इंटरप्टिबलच हवा. मधलं काही हवं असेल तर किलेबल टाइमआउट आहे, तो फक्त जीवघेण्या सिग्नलला उठतो.