पाच किलोवॉटचा डीझल हीटर, एक हिवाळा वापरल्यावर

नोव्हेंबर ते मार्च, पूर्ण पाच महिने. गाडीतला मुक्काम महाबळेश्वर, पाचगणी, तापोळा, बामणोली आणि सातारा शहराच्या आसपास. हीटर नेहमीचाच, बारा व्होल्टचा चिनी डबा, ७५ मिलिमीटरची गरम हवेची नळी आणि टिकटिकणारा पंप. बाकीची माहिती खोक्यावर असतेच, ती इथे पुन्हा देत नाही. हे लिहायचं कारण एवढंच की जानेवारीच्या अखेरीस, वेण्णा तलावाकाठचं दव गोठायच्या दिवसांत, तो ई-१० हा बिघाडाचा कोड दाखवून बंद पडला, आणि दुरुस्तीच्या नावाखाली जे सांगण्यात आलं ते चुकीचं होतं.

कोडचे अर्थ कंट्रोलरप्रमाणे थोडे बदलतात. बहुतेक डब्यांत ई-०८ म्हणजे चालता चालता विझला आणि ई-१० म्हणजे दोनदा प्रयत्न करूनही पेटला नाही. विक्रेत्याचं म्हणणं असं पडलं: महाबळेश्वरला हवा विरळ, त्यामुळे काजळी धरते, हे वॉरंटीत बसत नाही, अख्खा बर्नर, म्हणजे डीझल जळतं तो भागच, बदला. हवा विरळ असते हे खरं. साडेतेराशे मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो, त्यामुळे तेवढ्याच डीझलला हवा कमी पडते आणि धूर थोडा काळा येतो. पण तापोळा कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर आहे आणि जलाशयाची पूर्ण पातळीच मुळी २१६३ फूट, म्हणजे सुमारे ६६० मीटर. महाबळेश्वरच्या निम्मी उंची. तिथे आठवडाभर मंद चालवल्यावरही ग्लो प्लगभोवती, म्हणजे डीझल पेटवणाऱ्या विजेच्या कांडीभोवती, तशीच काळी, ओलसर काजळी निघाली. म्हणजे उंची हे दुय्यम कारण आहे.

खरं दुखणं एका जाळीत आहे. ग्लो प्लग ज्या कप्प्यात बसतो, त्या कप्प्यात करंगळीच्या पेराएवढी, विणलेल्या तारेची गोल जाळी असते. डीझल आधी तिच्यावर पसरतं, प्लगच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. जाळी काजळीने बुजली की डीझल पसरत नाही, थेंब थेंब खाली साचतं. मग प्लग कितीही लाल झाला तरी बाहेर नुसता पांढरा धूर येतो. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डीझल, काळा धूर म्हणजे डीझल जास्त आणि हवा कमी. या दोन रंगांवरून निम्मं निदान होतं. अख्ख्या यंत्रात सर्वांत स्वस्त भाग हाच असेल, आणि त्याच्यासाठी बर्नर बदलायला सांगणं हे ग्राहकाच्या खिशाला कात्री लावणं आहे. पुस्तिकेत या जाळीचा उल्लेखसुद्धा नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

बदलायची रीत अशी. हीटर पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच फ्यूज काढा. डीझलची नळी चिमट्याने दाबून बंद करा. वरचं प्लॅस्टिकचं झाकण खटक्यांवर असतं, ते उचला, प्लगची वायर सोडवा, रबरी टोपी बाजूला करा आणि खोक्यात येणाऱ्या नळीपान्याने प्लग सरळ फिरवून काढा. प्लगचं टोक सिरॅमिकचं असेल तर आडवा धक्का बसला की तुटलंच. मग टॉर्च लावून आत पाहा. जाळी बारीक नाकाच्या पकडीने ओढली की येते, बहुतेक वेळा तुकड्यांत येते, तेव्हा सगळे तुकडे बाहेर आल्याची खात्री करा. कप्प्यात एक बारीक भोक हवेचं असतं आणि डीझल येण्याचं तोंड असतं, दोन्ही पातळ तारेने मोकळी करा. नवीन जाळीला खाच असेल तर ती हवेच्या भोकासमोर यायला हवी. प्लगपेक्षा किंचित जाड गुळगुळीत दांडीवर जाळी चढवून ती तळापर्यंत सरळ सरकवायची. ठोकायची नाही. जाळी वाकडी बसली किंवा दबून गोळा झाली तर नवी असूनही तोच ई-१० येतो. जुनी जाळी जाळून, घासून परत लावण्याची काटकसर करू नका, तारा आधीच कमजोर झालेल्या असतात. सुट्या जाळ्या पाच-सहा एकदम मागवून गाडीत ठेवाव्यात.

आणखी एक. ई-१० आल्यावर लोक पुन्हा पुन्हा बटण दाबतात. प्रत्येक प्रयत्नात आत डीझल ओतलं जातं. पाचव्या-सहाव्या वेळी ते सगळं एकदम पेटतं आणि सायलेन्सरमधून ढगासारखा धूर, कधी ज्वाळाही येते. दोन प्रयत्न, त्यानंतर पाना.

आता काजळी का धरते, ते. पहिल्या महिन्यात मत असं होतं की रात्रभर मंद ठेवला की डीझल वाचतं आणि ऊबही टिकते. ते मत पूर्ण बदललं आहे. पंपावर २२ असा आकडा असतो, म्हणजे पंपाच्या हजार ठोक्यांना (टिकटिकींना) २२ मिलिलिटर. सर्वांत मंद वेगाला सेकंदाला दीड ठोका धरला तर तासाला सुमारे १२० मिलिलिटर, आणि पाच ठोक्यांच्या पूर्ण वेगाला सुमारे ४०० मिलिलिटर. एक लिटर डीझलमध्ये साधारण दहा किलोवॉट-तास उष्णता असते. म्हणजे पूर्ण वेगालाही आत जातात चारच किलोवॉट, आणि त्यातला काही भाग सायलेन्सरवाटे बाहेर. खोक्यावरचे पाच किलोवॉट या पंपाने मिळूच शकत नाहीत. तरीही आपल्या थंडीला तो मोठाच पडतो. सातारा जिल्ह्यात पारा आठ-दहावर आला की कडाका म्हणतात. फोम लावलेली लहान गाडी तासाभरात गरम होते, आणि मग हीटर रात्रभर सर्वांत खालच्या पायरीवर धुमसत बसतो. चुलीत ओली लाकडं कोंबून फुंकणी न मारता सोडली तर जे होतं, तेच आत होतं. त्यामुळे इथल्या वापरासाठी दोन किलोवॉटचाच घ्यावा. पाचाचा आधीच घेतला असेल तर रीत बदलावी.

रात्रभर मंद, आठ तास: सुमारे ९५० मिलिलिटर. झोपण्याआधी एक तास आणि पहाटे एक तास पूर्ण वेगाने: सुमारे ८०० मिलिलिटर. मधल्या वेळेला माणदेशी घोंगडी पुरते. म्हणजे काजळीही टळते आणि डीझलही थोडं वाचतं. मंद चालवायचाच झाला तर बंद करण्याआधी वीस मिनिटं पूर्ण वेगाने चालवा, साचलेली ओलसर काजळी जळून जाते. जानेवारीत जाळी बदलल्यापासून हाच नेम आहे आणि मार्चअखेर उघडून पाहिली तेव्हा जाळी करडी, कोरडी होती.

बंद करताना मेन स्विच कधीही पाडायचा नाही. बटण दाबल्यावर पंप थांबतो, पण पंखा तीन-पाच मिनिटं चालतो आणि प्लग उरलेलं डीझल जाळतो. वीज मध्येच तोडली तर आतली उष्णता पंख्याच्या प्लॅस्टिकवर आणि सेन्सरवर जाते.

वायरिंगकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. पेटताना प्लग आठ-दहा अँपिअर घेतो. दीड चौरस मिलिमीटरची वायर, जाऊन-येऊन आठ मीटर, म्हणजे जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच गेला. बॅटरीवर १२.२ असले तरी प्लगला ११.२ मिळतात, आणि उष्णता व्होल्टच्या वर्गाने घटते, म्हणजे सुमारे १६ टक्के कमी. डीझलची वाफ अर्धवट, जाळी पुन्हा ओली. सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर थेट बॅटरीपासून ओढा, फ्यूज बॅटरीजवळ लावा. मल्टिमीटर हीटरला वीज येते त्या जोडावर लावून, पेटण्याच्या क्षणी मोजा. नुसत्या बॅटरीवर मोजून काही कळत नाही.

डीझलचा पुरवठा तपासायला औषधाचं मापाचं टोपण पुरतं. पंपाची बाहेरची नळी काढून २०० ठोके मोजा, ४.४ मिलिलिटरच्या आसपास यायला हवं. कमी आलं तर गाळणी तुंबली किंवा हवा शिरतेय. पंप आडवा बांधू नका. बाहेर जाणारं तोंड वर, १५ ते ३५ अंश तिरपा, म्हणजे बुडबुडे पुढे निघून जातात. सोबत येणारी मऊ हिरवी नळी टाकून द्या आणि दोन मिलिमीटर आतल्या व्यासाची कडक नायलॉनची वापरा. रबरी जोडात दोन्ही टोकं एकमेकांना टेकलेली हवीत, मध्ये फट राहिली की तिथे हवेचा फुगा बसतो आणि तासाभराने ई-०८.

सायलेन्सरवर थोडा जास्त खर्च करा. सोबतचा सायलेन्सर शिवणीतून गळतो, म्हणून तो गाडीच्या फरशीखाली, बाहेरच हवा. ज्वलनाची हवाही बाहेरूनच घ्यायची. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बिछान्याच्या उंचीवर लावल्याशिवाय हीटर लावून झोपू नये, याला अपवाद नाही. आणि डिसेंबरनंतर पठारावर गाडी लावताना खाली पाहा. वाळलेल्या गवतावर सायलेन्सरचं तापलेलं तोंड म्हणजे वणव्याला निमंत्रण. मोकळ्या मातीवर किंवा कातळावर लावा.

पावसाळ्यात हीटर चार महिने पडून राहतो आणि महाबळेश्वरकडचा पाऊस काही शिल्लक ठेवत नाही. जूनच्या आधी टाकी रिकामी करून कोरडी करा, राहिलेल्या डीझलमध्ये पाणी साचतं. गाळणी बदला. महिन्यातून एकदा, गाडी बाहेर काढून, थोडं ताजं डीझल घालून अर्धा तास पूर्ण वेगाने चालवा आणि टाकी पुन्हा उपसा. कुंभारीण माशीला तेवढ्या व्यासाची नळी फार आवडते, ती मातीचं घर बांधते आणि पुढच्या हंगामात पहिल्याच दिवशी ई-१० येतो. म्हणून हवेच्या आणि धुराच्या दोन्ही नळ्यांना बारीक जाळीचं कापड बांधा, आणि ते काढायची चिठ्ठी कंट्रोलरच्या बटणावरच चिकटवा.