फीडिंग थेरपीचे सात महिने आणि साडेनऊ हजारांची खुर्ची

सव्वातीन वर्षांच्या मुलीसाठी सात महिने फीडिंग थेरपी, म्हणजे नीट न खाणाऱ्या मुलांना खायला शिकवणारे उपचार, घेतल्यावर हा अनुभव लिहायला बसण्याचे निमित्त क्षुल्लक आहे. थेरपिस्टच्या आग्रहाने घेतलेल्या साडेनऊ हजारांच्या खुर्चीची पाय टेकवण्याची फळी गेल्या आठवड्यात निखळली आणि सुटी फळी मिळत नाही, नवी खुर्ची घ्या, असे विक्रेत्याने कळवले.

तपासणीबद्दल मात्र तक्रार नाही. तीन दिवस पोटात गेलेला प्रत्येक घास आणि घोट वाटीच्या मापाने लिहायला सांगितला होता. शिवाय घरच्या जेवणाचा व्हिडिओ, वजन-उंचीच्या जुन्या नोंदी, हिमोग्लोबिन आणि फेरिटिनचे (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे) अहवाल पाहिले. पाणी पिताना ठसका लागत नव्हता, न्यूमोनिया कधी झाला नव्हता, म्हणून गिळण्याची क्ष-किरण तपासणी करायला लावली नाही. तो खर्च वाचल्याचे समाधान अजून आहे. निष्कर्ष झोंबला. दिवसाला जवळजवळ लिटरभर दूध, त्यामुळे भूक मेलेली आणि लोह कमी. त्यात दोन वर्षांची होईपर्यंत मी वरणभात मिक्सरमधूनच काढत राहिल्याने चावण्याचा सराव नाही, म्हणून पोळीचा तुकडा जिभेवर पडताच उमासा.

दूध निम्म्यावर आले, लोहाचे औषध सुरू झाले, जेवताना मोबाइल दाखवणे बंद झाले. काय, कधी आणि कुठे वाढायचे ते आपण ठरवायचे, खायचे की नाही आणि किती ते मुलीने, हा अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांचा नियम पाळताना काऊ-चिऊचे घासही बंद करावे लागले, आणि सासूबाईंना ते अजून पटलेले नाही. गाजर आधी फक्त ताटात, मग हातात, मग ओठाला. तिने ते चावले बाराव्या खेपेला.

खुर्चीला मी सुरुवातीला निव्वळ धंदा समजत होते. पण पाय लोंबकळत असले की मुलीची सगळी शक्ती तोल सांभाळण्यात जाते, हे तिसऱ्या महिन्यात डोळ्यांनी पाहिले: पाच मिनिटांत उठणारी मुलगी पाय टेकल्यावर वीस मिनिटे बसू लागली. ते मत आजही कायम आहे, फक्त खुर्चीबद्दलचे पुन्हा बदलले. फळी निखळल्यावर जुन्या लाकडी खुर्चीत पाठीशी उशी देऊन, पायाखाली दोन विटांवर सासूबाईंचा पाट ठेवला, गुडघे काटकोनात आले, आणि तीच वीस मिनिटे मिळाली. हा उपाय पहिल्याच भेटीत का सांगितला नाही, या माझ्या प्रश्नावर थेरपिस्ट नुसत्या हसल्या.

थेरपीला पाचपैकी चार तारे. पाचवा खुर्चीने खाल्ला. ती विकायची आहे, फळीविना.