स्वस्त डाँगलवर शॉर्टवेव्ह: तार सोल्डर करावी, अपकन्व्हर्टर लावावा की नवाच घ्यावा?

आरटीएल-एसडीआर (एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) म्हणून मिळणारा यूएसबीचा साधा डाँगल हजार-दोन हजारांत घरी येतो. मुळात तो लॅपटॉपवर टीव्ही बघण्यासाठी बनवलेला. २०१२ च्या सुमारास लक्षात आलं, की त्यातली आरटीएल२८३२यू ही चिप हवेतल्या लहरींचे कच्चे नमुने जसेच्या तसे कॉम्प्युटरला देऊ शकते. मग टीव्ही राहिला बाजूला आणि त्याचा रेडिओ झाला. एफएम, विमानांचे संदेश, हवामानाचे उपग्रह असं बरंच काही त्यावर मिळतं. पण त्यातला आर८२०टी ट्यूनर, म्हणजे हवी ती फ्रीक्वेन्सी निवडून पुढे देणारी दुसरी चिप, साधारण २४ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही. म्हणजे आकाशवाणी पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ नाही, ७ मेगाहर्ट्झवर गप्पा मारणारे हॅम (हौशी रेडिओवाले) नाहीत. इथूनच हात शिवशिवायला लागतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे डायरेक्ट सॅम्पलिंग. ट्यूनरला बगल द्यायची आणि अँटेना थेट आरटीएल चिपच्या ४ आणि ५ नंबरच्या पायांवर नेऊन जोडायचा. आर८२०टी फक्त १ आणि २ नंबरचे पाय वापरतो, त्यामुळे हे दोन रिकामेच असतात. खर्च जवळपास शून्य. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मागितली तर केसासारखी बारीक वाइंडिंगची तार हातभर फुकटही मिळते. टोकावरचा लेप नीट खरवडायचा, भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची पेस्ट) लावायचा आणि सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवायचं. मी टेकवून ठेवलं. चौथ्या पायाला चिकटलेली तार ओढून बघायचा मोह झाला आणि तारेबरोबर पायाखालचा तांब्याचा कणही उचकटून आला. काही बोर्डांवर या पायांसाठी वेगळे ठिपके काढलेले असतात. तसा बोर्ड असेल तर काम निम्म्याने सोपं. अँटेना आणि चिप यांच्यामध्ये फेराइट कोअरवर (चुंबकी पदार्थाच्या कड्यावर) गुंडाळलेला छोटा ट्रान्सफॉर्मर मात्र हवाच. उघडी तार थेट चिपला लावली, तर पावसाळी हवेतल्या स्थिर विजेनेही चिप जाऊ शकते.

एवढं करून मिळतं काय? मीडियम वेव्ह छान मिळतं. वर जावं तशी गंमत कमी होत जाते. ट्यूनरच नाही म्हटल्यावर त्याचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवणंही नाही, आणि नमुने फक्त ८ बिटचे. त्यामुळे शेजारचं जोरकस स्टेशन बारीक स्टेशनाला गिळून टाकतं. खरी पंचाईत वेगळीच आहे. चिप सेकंदाला २.८८ कोटी नमुने घेते, म्हणून १४.४ मेगाहर्ट्झच्या पलीकडचं सगळं दुमडून अलीकडे येतं. २८.८ ची तिप्पट ८६.४. ती ९३.५ मधून वजा केली की उरतात ७.१. म्हणजे गावात ९३.५ वर एफएम वाजत असेल, तर त्याचं भूत बरोबर हॅमच्या ४० मीटर पट्ट्यात येऊन बसणार. अँटेनाच्या वाटेत लो-पास फिल्टर (फक्त खालच्या फ्रीक्वेन्सी जाऊ देणारा) घातला तरच ते जातं.

अपकन्व्हर्टर हा वेगळा छोटा डबा. येणाऱ्या लहरीत तो १२५ मेगाहर्ट्झ मिळवतो (काही १२० मिळवतात), त्यामुळे ७.१ चं स्टेशन १३२.१ वर दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये तेवढीच वजाबाकी एकदा टाकून ठेवायची. ट्यूनर आणि त्याचा गेन दोन्ही कामाला येतात, डाँगलला धक्का लागत नाही आणि ३० मेगाहर्ट्झपर्यंतचा सगळा पट्टा खुला होतो. तोटा म्हणजे डब्याची किंमत बहुधा डाँगलपेक्षा जास्त. शिवाय डाँगलला ताल देणाऱ्या साध्या क्रिस्टलची चूक इथे जास्त छळते. ५० पीपीएमची (दहा लाखांत ५०) चूक डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये ७.१ वर साडेतीनशे हर्ट्झ भरते, तर १३२.१ वर तीच साडेसहा किलोहर्ट्झ होते. डाँगल तापत जातो तसं स्टेशन सरकत राहतं. अशा वेळी २८.८ मेगाहर्ट्झचा टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी न सरकणारा क्रिस्टल) बसवण्यात अर्थ आहे. फक्त विमानं बघायची असतील तर त्यावर पैसे घालू नका, विमानं १०९० मेगाहर्ट्झवर स्वतःची माहिती पाठवतात, त्या रुंद संदेशांना एवढ्याने काही होत नाही.

तिसरा रस्ता म्हणजे तयार माल. आरटीएल-एसडीआर ब्लॉग या नावाने विकल्या जाणाऱ्या व्ही३ डाँगलमध्ये डायरेक्ट सॅम्पलिंग आधीच जोडलेलं असतं आणि टीसीएक्सओही असतो. पण दुमडण्याचं दुखणं तेच. व्ही४ मध्ये अपकन्व्हर्टर बोर्डावरच आहे. त्याला त्याचा खास ड्रायव्हर लागतो. जुनाच ठेवलात तर शॉर्टवेव्ह नीट चालणार नाही आणि तुम्ही उगाच विक्रेत्याला शिव्या द्याल. नकलाही फिरतात, तेव्हा घेताना बघून घ्या.

माझं मत विचाराल, तर घरात एकच डाँगल असेल तर त्याच्या पायांना हात लावू नका. नुसती आकाशवाणी ऐकायचीय, सोल्डरिंगची हौस आहे आणि दुसरा डाँगल पडून आहे, तर खुशाल तार जोडा. शॉर्टवेव्ह मनापासून ऐकायची असेल तर व्ही४. अपकन्व्हर्टर फक्त चांगला, टीसीएक्सओवाला डाँगल आधीच हाताशी असलेल्यांनी घ्यावा.

यातलं काहीही घेण्याआधी एक करून बघा. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, चार्जर भिंतीतून काढा, घरातले एलईडी दिवे एकेक करून बंद करा आणि वॉटरफॉलकडे (सॉफ्टवेअरमध्ये सिग्नल रंगीत रेघांनी दाखवणाऱ्या पडद्याकडे) बघत राहा. आमच्या फ्लॅटमध्ये चार्जर काढल्याबरोबर ७ मेगाहर्ट्झवरच्या उभ्या पिवळ्या रेघांचं अख्खं कुंपण नाहीसं झालं. डाँगल लॅपटॉपला चिकटून न लावता फेराइट असलेल्या दोन मीटर यूएसबी केबलवर लांब नेला आणि अँटेनाची तार खिडकीबाहेर काढली, तेव्हा कुठे हॅमचे आवाज सुटे झाले.

चौथा पाय गमावलेला माझा डाँगल अजून चालतो. ट्यूनरला त्या पायाशी देणंघेणंच नाही. सध्या तो गच्चीत एका डब्यात बसून लोहगावला उतरणारी विमानं मोजतोय.