डिफरन्शियल पेअरसाठी कीकॅड ८: पुरतं का?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या छोट्या युनिटांना आणि कलाभवन इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रोजेक्टवाल्या मुलांना पीसीबी (सर्किट बोर्ड) आखायच्या सॉफ्टवेअरचं महागडं लायसन्स परवडत नाही. मग यूएसबी २.० किंवा इथरनेटच्या बोर्डावर डिफरन्शियल पेअर, म्हणजे एकच सिग्नल उलटसुलट वाहून नेणारी दोन ट्रॅकची जोडी, ओढायला कीकॅड ८ हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं का? पुरतं, आणि छान पुरतं. फक्त आकडे आपण द्यायचे.

आधी नावं नीट करा. जोडीतल्या दोन्ही नेटचं (सर्किटमधल्या जोडणीचं) मूळ नाव एकच, शेवटी + आणि −, किंवा पी आणि एन. चिपच्या डेटाशीटमधलं डीपी-डीएम तसंच स्कीमॅटिकमध्ये (सर्किटच्या आराखड्यात) उतरवलं, तर जोडी ओढायला ६ दाबल्यावर ती सापडतच नाही.

कीकॅडचा रूटर, म्हणजे ट्रॅक ओढणारं साधन, इम्पिडन्स (सिग्नलला जाणवणारा रोध) काढत नाही. त्यासाठी कीकॅडसोबतच्या कॅल्क्युलेटरमध्ये कपल्ड मायक्रोस्ट्रिप (ग्राउंडच्या थरावरून जाणारी जोडी) निवडा आणि आलेली रुंदी व गॅप नेट क्लासमध्ये, म्हणजे त्या नेटच्या नियमांत, भरा. चार थरांच्या बोर्डात ग्राउंड ०.२ मिमी खाली असेल, तर ०.२५ मिमी ट्रॅक आणि ०.१५ मिमी गॅप यूएसबीच्या ९० ओहमजवळ बसतात. हीच जोडी १.६ मिमीच्या दोन थरी बोर्डावर ओढली, तर ग्राउंड लांब गेल्यामुळे इम्पिडन्स १५० ओहमच्या आसपास चढतो. दुसऱ्याची फाइल उचलणारे इथेच फसतात. शेवटचे आकडे फॅब्रिकेटरच्या (बोर्ड बनवणाऱ्याच्या) स्टॅकअपवरूनच, म्हणजे थरांच्या रचनेवरूनच, घ्या आणि ऑर्डरमध्ये ‘९० ओहम, ±१० टक्के’ स्पष्ट लिहा.

ओढायला मात्र फार सुख आहे. बाकीचे ट्रॅक बाजूला सरकवत जोडी पुढे जाते, व्हायाही (थर जोडणारी छिद्रं) जोडीनेच पडतात. अडतं ते टाइप-सी कनेक्टरवर: तिथे डी+ आणि डी− चे दोन-दोन पॅड आलटून पालटून येतात. तेवढा तुकडा एक्स (साधा एकेरी ट्रॅक) दाबून सुट्टा, शक्य तितका आखूड जोडा.

९ दाबलं की जोडीतल्या दोन ट्रॅकच्या लांबीतला फरक भरून काढता येतो. ही सोय उत्तम, पण तिच्यामागे वाजवीपेक्षा जास्त वेळ जातो. एफआर-४ या नेहमीच्या बोर्डावर १ मिमी म्हणजे साधारण ६ पिकोसेकंदांचा उशीर, यूएसबी २.० चा एक बिट २ नॅनोसेकंदांहून मोठा. १ मिमीने तिथे काही बिघडत नाही. ५ गिगाबिटला बिट २०० पिकोसेकंदांवर येतो, तेव्हा ही काळजी रास्त. लांबी भरून काढणारी नागमोडी रेघ मात्र फरक जिथे पडला त्या वळणाशीच द्या, दुसऱ्या टोकाला नको.

खरं नुकसान ग्राउंडमधल्या फटीवरून जोडी नेल्याने होतं. परतीच्या करंटला वळसा पडतो, इम्पिडन्स उडी मारतो, ईएमआय (आजूबाजूला पसरणारा विद्युत गोंगाट) वाढतो. थर बदलताना जोडीच्या व्हायांशेजारी, १ मिमीच्या आत, ग्राउंडचे व्हाया हवेतच. गॅप आणि स्क्यू (दोन ट्रॅकच्या लांबीतला फरक) डीआरसी, म्हणजे कीकॅडचं नियम तपासणारं साधन, तपासतं. खालची फट त्याला दिसत नाही. म्हणून गर्बर (फॅब्रिकेटरला द्यायच्या फाइली) काढण्याआधी फक्त जोडीचा आणि ग्राउंडचा थर चालू ठेवा, आणि कनेक्टरपासून चिपपर्यंत खाली कॉपर सलग आहे का, ते डोळ्यांनी पाहा.