फ्रंट लोडर घ्यायचा विचार करताय? दोन उन्हाळे वापरून सांगतो

आमच्या ५० एचपीच्या टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला पुढचा लोडर, म्हणजे हायड्रॉलिक जॅकवर वर-खाली होणारी पुढची बकेट, बसवून दोन उन्हाळे झाले. घ्यायच्या आधी ज्याला विचारलं तो म्हणायचा घ्या बिनधास्त, जेसीबी सांगायची गरजच नाही. तसं नाहीये हो. हे उचलायचं अवजार आहे, खोदायचं नाही, एवढं डोक्यात ठेवून घेतलंत तर सोनं आहे.

तलावातला सुकलेला गाळ, उकिरड्यातलं शेणखत, आणून टाकलेला मुरूम, यात बकेट अशी भरते की बघत राहावं, घमेली उचलून पाठ मोडून घेणं आमच्याकडे बंदच झालं. पण कडक बांधाला लावलं की बकेट नुसती घासत वर येते, मागची चाकं जागेवर फिरतात, आणि रेटत राहिलं तर सगळा मार पुढच्या एक्सलला. म्हणून मी आधी कल्टिव्हेटर उभा-आडवा मारून जमीन मोकळी करतो, मग दात जरासे खाली झुकवून लो पहिल्या गिअरमध्ये तीन-चार इंचाचाच थर घेतो, बकेट भरत आली की आधी तोंड वर वळवायचं, मगच उचलायची. एका दमात खोल घुसवायची घाई अजिबात नको.

आता महत्त्वाचं, जे बसवून देणाऱ्याने मला सांगितलंच नाही. मागे वजन पाहिजे! पहिल्याच आठवड्यात ओल्या गाळाची भरलेली बकेट वर ठेवून उतारावर वळवलं आणि मागचं एक चाक उचललं, पोटात गोळा आला अक्षरशः. आता मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरलंय आणि लोडरचं काम असलं की रोटाव्हेटर मागे लावलेलाच असतो. चालताना बकेट गुडघ्याच्या खालीच. आणि उचललेल्या बकेटखाली कुणी नको, बकेटमध्ये माणूस चढवून नारळ काढणं तर मुळीच नको, जॅकचा ऑइलचा पाईप फुटला की बकेट सांगून खाली येत नाही.

पाईप खरंच फुटतो. माझ्या जॅकचा तिसऱ्या महिन्यात गेला, कंपनीवाले पंधरा दिवस आज येतो उद्या येतो करत राहिले, शेवटी तालुक्याला हायड्रॉलिकच्या दुकानात तासाभरात नवीन बनवून मिळाला. पिना-बुशांना रोज ग्रीस द्या, ऑइल बघत जा.

यंदा शेततळं करायचंय, त्याचा खड्डा जेसीबीच काढणार, तासावर सांगून ठेवलाय. निघालेली माती बांधावर न्यायचं काम मात्र लोडरचं.