डायलवाला एल्बो ब्रेस: कधी घ्यावा, कधी घेऊ नये

कोपर निखळला किंवा मोडला की कोल्हापुरातल्या सर्जिकलच्या दुकानात बहुतेकांना डायलवाला ब्रेसच दाखवतात. दंडाला आणि हाताला पट्टे, कडेला धातूच्या पट्ट्या आणि कोपराशी अंश छापलेली चकती. चकतीवरच्या एका खिट्टीने हात किती सरळ व्हावा ते ठरतं, दुसरीने किती दुमडावा ते. वस्तू चांगली आहे, पण तिचं काम हालचालीला मर्यादा घालणं एवढंच. आखडलेला कोपर तिने सुटत नाही, आणि नेमक्या त्याच आशेने लोक पैसे घालतात.

दुखापतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मात्र हा ब्रेस खरंच उपयोगी पडतो. तीन आठवड्यांहून जास्त काळ कोपर जखडून ठेवला की सांध्याच्या पुढचं आवरण आकसतं. म्हणूनच साधा निखळलेला कोपर बसवल्यावर एक-दोन आठवड्यांत हालचाल सुरू करतात. ब्रेसमुळे ती ठरलेल्या अंशांत राहते. अंश डॉक्टरांनीच ठरवायचे, दुकानदाराने नाही.

घेताना दुकानातच घालून बघा. कोपराच्या बाहेरच्या अंगाला जे हाड बोटाला लागतं, चकतीचा मध्य बरोबर त्यावर यायला हवा. दंड खाली निमुळता असल्याने ब्रेस घसरतोच. बोटभर जरी सरकला तरी दुमडताना पट्टी एकीकडे वळते, हात दुसरीकडे, आणि कातडी सोलवटते. कडेच्या धातूच्या पट्ट्यांची लांबी कमी-जास्त होणारी हवी. अस्तर निघणारं असेल तरच घ्या, आपल्या पावसात फोम लवकर वाळत नाही. करंगळीला मुंग्या आल्या तर पट्टा सैल करा. तरी थांबल्या नाहीत तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, नस दबत असते.

कोपर आधीच आखडला असेल तर ऑर्थोटिस्टकडून, म्हणजे ब्रेस-स्प्लिंट बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून, मापाचा टर्नबकल स्प्लिंट करून घ्या. यात स्क्रू फिरवून सांध्याला हळूहळू ताण देतात. आधी दहा मिनिटं शेक, मग स्प्लिंट अर्धा तास, असं दिवसातून तीनदा. दर पाच मिनिटांनी स्क्रू किंचित फिरवायचा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर स्क्रू जास्त फिरला असं समजा. याला महिने लागतात. रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० अंश पुरतात, तेव्हा शेवटच्या दहा अंशांसाठी सांध्याला छळू नका.

तालमीच्या या गावात एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. वस्तादांची मालीश पाठीला, मांड्यांना उत्तम. दुखावलेल्या कोपराला अजिबात नको. जोराने चोळलं, ओढलं किंवा हात सरळ व्हावा म्हणून पाण्याची बादली लटकवली, तर दंडाच्या पुढच्या स्नायूत नको तिथे हाड तयार होऊ शकतं, आणि मग ऑपरेशनची वेळ येते. फिजिओने नीट व्यायाम घेऊनही सहा महिन्यांत अंश वाढले नाहीत, तर ऑर्थोपेडिक सर्जनला सांधा मोकळा करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारा.