कुत्र्याच्या जंतांची तिहेरी गोळी : पाचातले चार तारे

बडोद्यात औषधाच्या दुकानात नुसतं 'कूतरानी कृमिनी गोळी' मागितलं, तर काउंटरवर काय येईल याचा नेम नाही. कुणी पायपेराझिनचं सिरप देतं, कुणी माणसांची अल्बेंडाझोल. म्हणून पाकिटामागची घटकांची ओळ वाचून घ्या: प्राझिक्वांटेल ५०, पायरँटेल १४४ आणि फेबँटेल १५० मिलिग्रॅम. हे परीक्षण या मिश्रणाचं आहे, कुठल्या कंपनीचं नाही.

तिघांची कामं वेगळी. प्राझिक्वांटेल पट्टकृमींवर चालतं. गोलकृमी आणि अंकुशकृमी यांना पायरँटेल लुळं करतं, आणि फेबँटेलमुळे चाबूककृमीही यादीत येतो. पायपेराझिन फक्त गोलकृमींपुरतं, वर पायरँटेलच्या नेमकं उलट काम करतं. दोन्ही एकाच वेळी दिली तर पैसे वाया.

मात्रा १० किलोला एक गोळी, ५ किलोला अर्धी. उपाशी ठेवायची गरज नाही. सगळ्यात मोठी चूक होते ती अंदाजाने वजन धरण्यात. २८ किलोच्या लॅब्राडोरला 'दोन पुरे' म्हणून भागवलं की जंत उरतात आणि दोष गोळीवर येतो. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकट्याचं वजन वजा करा. दुसरी अडचण चवीची. चपातीत गुंडाळलेली गोळी चपाती खाऊन बाजूला काढणारे हुशार कुत्रे पुष्कळ असतात. जिभेच्या मुळाशी ठेवून, तोंड मिटून गळा चोळणं जास्त भरवशाचं.

दुसऱ्या दिवशी विष्ठेत शेवयांसारखे गोलकृमी दिसले तर घाबरू नका. पट्टकृमी मात्र बहुधा दिसतच नाहीत, आतड्यातच विरघळून जातात. तीन-चार आठवड्यांनी शेपटीखाली पुन्हा तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले, तर गोळी खोटी नव्हती, पिसवा राहिल्या होत्या. डिपिलिडियम नावाचा पट्टकृमी पिसू गिळल्याने होतो. लहान मूलही चुकून पिसू गिळू शकतं. पिसवांचं औषध सोबत घेतलं नाही, तर ही खरेदी अर्धवटच. (कुत्र्यांचं पर्मेथ्रिनवालं औषध घरातल्या मांजरीच्या जवळही नको, तिला ते विष आहे. ही गोळीही मांजरीसाठी नाही.)

चारच तारे का, तर गोळीचा असर शरीरात टिकत नाही. आज दिली आणि उद्या कुत्र्याने खाटकाच्या दुकानामागे कच्ची कलेजी-फुप्पुस खाल्लं, तर सहा-सात आठवड्यांत एकायनोकॉकस नावाचा पट्टकृमी पुन्हा अंडी टाकू लागतो. ती माणसाच्या पोटात गेली की यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात, वर्षानुवर्षं वाढत. म्हणून कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी, घरचं शिजवलेलं खाणाऱ्याला दर तीन महिन्यांनी. पिल्लांना आईच्या पोटातच गोलकृमी लागतात, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. इतक्या लहानग्यांसाठी पातळ औषध मिळतं, गोळीचे तुकडे करत बसू नका. गाभण कुत्रीला पशुवैद्याला विचारल्याशिवाय काहीच नको. हृदयातल्या कृमीवर ही गोळी चालत नाही.

मुलांचं काय? फेब्रुवारी-ऑगस्टमध्ये शाळेत मिळणारी ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल माणसांच्या नेहमीच्या जंतांसाठी असते. टॉक्सोकाराच्या, म्हणजे कुत्र्याच्या गोलकृमीच्या, अळ्या यकृतात किंवा डोळ्यात फिरत असतील, तर त्या एका गोळीने भागत नाही. एका डोळ्याने अंधुक दिसत असेल तर थेट नेत्रतज्ज्ञ. पायावर नागमोडी, खाजरी, रोज पुढे सरकणारी रेघ दिसली तर ती कुत्र्याच्या अंकुशकृमीची अळी, तिथे त्वचारोगतज्ज्ञ. पावसाळ्यात विश्वामित्री नदीकाठच्या ओल्या मातीत अनवाणी फिरू नये ते यासाठीच. बांधकामावरची रेतीही तशीच: रात्री भटके कुत्रे, दिवसा पोरं.

टॉक्सोकाराचं अंडं बाहेर पडल्यावर दोन ते चार आठवड्यांनी बाधक होतं. अंगणातली विष्ठा रोज उचलली तर त्याचा धोका जवळजवळ संपतो. एकायनोकॉकसला ही मुदत लागू नाही, त्याची अंडी पहिल्या क्षणापासून बाधक. म्हणून गोळीनंतरचे दोन-तीन दिवस विष्ठा हातमोजे घालून उचला आणि खोल पुरा. फिनेल ओतून ही अंडी मरत नाहीत, फरशीवर उकळतं पाणी लागतं.